डावा पीळ

माझ्या घरात समईच्या वाती दुकानातून येतात, आणि याचं माझ्या दोन्ही सुनांना फार हसू येतं. विणकर साळ्याची लेक, साळ्याची सून, अख्खं आयुष्य सुतात गेलं, आणि वाती मात्र पुडी फोडून घालते! थोरली एकदा शेजारणीला म्हणाली, "आमच्या आईंना कापसाचा कंटाळा आलाय." मी म्हटलं, हो बाई, आलाय. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. त्या सवयीबद्दलच आज लिहायचं आहे. तीन दिवस झाले, बसते आणि उठते. एक वाक्य लिहिलं की मी उठून उगाच गॅसवरचं दूध बघून येते. दूध केव्हाच उतरवलेलं असतं.

आज उठायचं नाही असं ठरवलंय.

भिंगारची गोष्ट आहे. तिकडे जर्मनीची लढाई चालू होती, मी नऊ-दहा वर्षांची होते. आमच्या गल्लीत कुठल्याही दारातून आत गेलं की आधी माग लागायचा आणि मग चूल. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि दिवसभर खटक्‌-खटक्‌ चालायचं. तो आवाज चालू असला म्हणजे घरात सगळं ठीक. थांबला की समजायचं, दोरा तुटला. आई हातातलं पीठ तसंच ठेवून कान द्यायची, वडील दोरा जोडायचे, पुन्हा खटक्‌-खटक्‌ सुरू व्हायचं आणि आईचा हात पुन्हा पिठात जायचा. मला त्या थांबण्याची फार भीती वाटायची. आधी नव्हती वाटत. का वाटायला लागली ते पुढे येईलच.

गल्लीच्या टोकाला एक पद्मशाली बाई राहायची. घरात तेलुगू बोलायची, बाहेर आमच्यासारखंच. नवरा सोलापूरच्या गिरणीत म्हणून गेला तो गेलाच. पदरी एक मुलगी, माझ्याहून वर्षभराने मोठी. बाई गल्लीत घरोघर सांधणी करायची, आणि आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो.

सांधणी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागावर उभे दोरे असतात तो ताणा. एक ताणा विणून संपत आला की त्याची शेपटं मागातच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्या शेपटांना जोडायचा. हजार-बाराशे दोरे, जास्तच. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. चिमटीत राख घ्यायची, दोन टोकं एकत्र धरायची आणि पिळायची. थेट वातीसारखी. दोघी समोरासमोर बसतात. एक दोरे निवडून पुढे करते ती देणारी, दुसरी पिळते ती सांधणारी. देणारीचं लक्ष हललं तर तांबड्याच्या जागी हिरवा जातो, आणि मग सांधणारीचे हात कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

मावशीच्या हाताची भिंगारभर ख्याती होती. आमच्याकडच्या बायका अंगठा पुढे ढकलून पिळायच्या. मावशी अंगठा आपल्याकडे ओढायची, म्हणजे पीळ डावा पडायचा, आणि मग टोक उलटं वळवून नखानं दाबायची. तो सांधा हिसका बसला तरी सुटायचा नाही. वडील म्हणायचे, "दोरा दुसरीकडं तुटंल, पर बाईच्या सांध्यात न्हाई तुटायचा." तेवढ्यावर त्या दोघींची भाकरी होती.

तिची मुलगी माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे काय, सकाळी डोळे उघडले की मी आधी तिच्या दाराकडे बघायची. मी शाळेत जायची, ती जायची नाही. तिला अक्षरांचं भारी वेड. माझी पाटी घेऊन मारुतीच्या देवळामागच्या ओट्यावर बसायची आणि जीभ बाहेर काढून 'ग' गिरवायची. तिचा 'ग' कायम पालथा पडायचा आणि मी हसून हसून लोळायची.

"तू हसू नगं," एकदा ती म्हणाली. "तू मला समदी अक्षरं दे. मी तुला आमचा हात देते."

मावशीनं तिला शपथ घातली होती, हा पीळ घराबाहेर द्यायचा नाही म्हणून. ती शपथ मोडून तिनं मला दिला. ओट्यावर बसून, चुलीतली राख करवंटीत घेऊन, माझा अंगठा धरून तिनं तो मागे ओढायला शिकवला. पंधरा-वीस दिवसांत माझी बोटं वळली. नखानं टोक दाबायचं मात्र मला कधी नीट जमलं नाही, मी तसंच सोडून द्यायची. ती चिडायची. "आगं दाब की! दाबल्याबिगर काय उपेग?" मी म्हणायची, चालतंय गं.

श्रावण होता. आमच्या मागावर हिरव्या लुगड्याचा नवा ताणा चढायचा होता, तांबड्या काठाचा. सूत तेव्हा रेशनच्या कार्डावर मिळायचं, तेही मोजून. मावशी सांधायला बसली, तिची मुलगी देणारी. काठाजवळ आले आणि मावशी भाकरी खायला म्हणून आईबरोबर चुलीपाशी गेली. एवढ्यात कँपातून लष्कराच्या लॉऱ्या निघाल्याचा आवाज आला. गल्लीतली सगळी पोरं धावली, आणि मैत्रीणही धावली.

मी नाही गेले. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! मला मावशीच्या जागेवर बसायचं होतं. मागाला आणि ताण्याला मी हात लावायचा नाही अशी वडिलांची सक्त ताकीद होती, त्यामुळे तर जास्तच. बसले. देणारी मीच, सांधणारीही मीच. वीस-पंचवीस सांधे भराभर केले. काय तो आनंद! मावशीच्या हातासारखा हात! मग पावलं वाजली, मी उठले, राख फ्रॉकला पुसली आणि दारात जाऊन उभी राहिले. मावशी बसली, मैत्रीणही परतली, आणि पुढच्या दोऱ्यापासून सांधणी सुरू झाली. तिला वाटलं तेवढे सांधे मुलीनं केले, मुलीला वाटलं आईनं केले.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी नवा ताणा विणायला घेतला. आभाळ भरलेलं, खड्ड्यात उजेड कमी. खटक्‌-खटक्‌ सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. आई पीठ सोडून बघायला लागली. मी जात्यापाशी बसले होते आणि मला आतून कळलं होतं. मनात म्हणत होते, आता नको थांबू, आता नको थांबू. पाचव्यांदा थांबलं तेव्हा वडिलांनी पणती मागितली आणि वाकून बघितलं.

हिरव्या अंगात तांबडी रेघ आली होती आणि तांबड्या काठात हिरवी. चार दोरे मी अदलाबदल केले होते. ते एकमेकांवर घासून स्वतः तुटत होते आणि शेजारच्यांना ओढत होते. विणलेलं वीतभर कापून टाकावं लागलं. लढाईच्या दिवसांत वीतभर कापड कापून टाकायचं!

आमच्या गल्लीची एक रीत होती. सांधणी चुकली तर ते चुकलेले सांधे कापून सांधणारणीच्या पदरात घालायचे, चारचौघांसमोर. तिनं ते घेऊन घरी जायचं. बस, एवढंच. कोणी शिवी देत नसे की मजुरी कापत नसे. पण पदरात सांधे पडलेल्या बाईला गल्ली पुढे महिनोन्‌महिने बोलवत नसे. वडिलांनाही ते आवडत नव्हतं, पण दारात लोक जमले होते.

मावशी आली, मुलगी मागे. वडिलांनी खाली बघत चार सांधे तिच्या पदरात घातले. तिचा विश्वास बसेना. तिनं एक उचलून डोळ्याजवळ नेला आणि चिमटीत फिरवून बघितला. मग दुसरा बघितला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. लांब बघितलं. मला वाटलं, आता नाव घेणार.

तिनं वळून मुलीच्या थोबाडीत मारली. एक नाही, चार. "माझ्या पोरीनं हात लावला आसंल," ती वडिलांना म्हणाली. "चुकलं माझं, दादा." मग मुलीच्या हातातली राखेची करवंटी हिसकावून तिनं उंबऱ्यावर आपटली. मुलीच्या नाकातोंडात राख गेली. ती रडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडून तीन शब्द म्हणायचे होते, 'मी केलं ते.' मी म्हटलं नाही. वडिलांना भ्याले होते. आणि वर मनाशी काय म्हणत होते तर, मी बोलले तर तिनं शपथ मोडून हात दिला हे उघडं पडेल, तेव्हा गप्प बसणं तिच्याच भल्याचं आहे. काय पण शहाणपण! दहा वर्षांची पोर आणि वकिलासारखी बाजू लावत होती.

त्यानंतर तीन दिवस ती रोज संध्याकाळी आमच्या दारासमोर येऊन उभी राहायची. आत यायची नाही, हाक मारायची नाही. मी चुलीमागे लपून बसायची आणि आईला सांगायची, मला अभ्यास आहे. आई म्हणाली, "बरं झालं, तिची संगत नकोच." ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून इतकी लाज वाटली की त्या रात्री जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी ती आली नाही.

मावशीला कोणी बोलवेना. आमच्या दारावरून ती दुसऱ्या गल्लीत काम मागायला जायची आणि तशीच परत यायची. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. वडील मागावर बसले की वाटायचं, आता नको, दुपारी. दुपारी वाटायचं, जेवू दे त्यांना. मागाचा आवाज थांबला की माझा जीव उडायचा, वाटायचं माझाच आणखी एखादा सांधा निघाला. महिनाभर असं चाललं. एक दिवस शाळेतून आले तर त्यांच्या दाराला कडी. टांग्यात दोन बोचकी टाकून गेल्या म्हणे, संगमनेरकडे, तिकडेही मागवाले आहेत. देवळामागच्या ओट्यावर तिनं पूर्वी कोरलेला एक पालथा 'ग' मात्र तसाच होता.

पुढे स्वराज्य आलं, पेढे वाटले. त्यानंतर दोनेक वर्षांत माझं लग्न ठरलं आणि मला दिली ती नेमकी संगमनेरला. बोहल्यावर माझे हात थंडगार पडले होते. बायका म्हणाल्या, पोर भ्यालीय. भ्याले होतेच, पण नवऱ्याला नाही.

सासरी आल्यावर मी रस्त्यानं खाली मान घालून चालायची. सांधणारी कोण येते हे विचारायची हिंमत होत नव्हती. मागावर मधे तुटलेले दोरे मी जोडायची, आणि माझ्या हाताला एकच पीळ ठाऊक होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कौतुकानं म्हणायच्या, "सून सांध्याला लई पक्की हाय. आईनं शिकिवलं आसंल." मी म्हणायची, हो.

सहा-सात महिन्यांनी नवा ताणा आला आणि आत्याबाईंनी सांधणारीला निरोप धाडला. सकाळी दारात एक बाई उभी राहिली, हातात राखेची करवंटी. मी एका नजरेत ओळखलं. तीही मला ओळखून चुकली, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"बसा वहिनी," ती म्हणाली. वहिनी! माझी पाटी घेऊन पळणारी ती.

मी देणारी, ती सांधणारी, मधे ताणा. सुरुवात करण्याआधी तिनं जुन्या शेपटांवरून बोट फिरवलं, आणि मधेच ते थांबलं. तिथं माझे सांधे होते. डावा पीळ, टोक न दाबलेलं. तिनं बोट तिथंच ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मग कामाला लागली.

माझे हात घामानं भिजले. दोरे चिकटायला लागले. मनात एकच, आता बोल, आता बोल. पण आत्याबाई दोन हातांवर धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत बसलेल्या. कसं बोलणार, काय बोलणार? निवडायचा दोरा दिसेना. मी देत होते, ती पिळत होती. दुपारपर्यंत असं चाललं. मग आत्याबाई उठून बघायला आल्या आणि ओरडल्याच.

"आगं ए बाई! ध्यान कुटं हाय तुजं? काठात पांढरा घातलास की! पैसं काय फुकट येत्यात व्हय?"

ती क्षणभरही थांबली नाही. "चुकलं माझं, मामी," ती म्हणाली. तोच आवाज, तेच शब्द, अगदी तिच्या आईसारखे. मजुरीच्या बाईचं तोंड ते, चूक कोणाचीही असो, आधी आपल्या अंगावर घेऊन मोकळं व्हायचं.

माझ्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. मी उभी राहिले. "तिचं नाही," मी म्हटलं. "मी चुकीचे दोरे दिले. माझं चुकलं." नव्या नवरीचा एवढा मोठा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता.

आत्याबाईंनी मला काय काय ऐकवलं ते आता लिहीत नाही. माझ्या आईपर्यंत पोचल्या. "आली मोठी सांध्याला पक्की!" त्या दिवशीपासून मला कांड्या भरायला बसवलं. सगळं ऐकताना मी तिच्याकडे बघत होते. वाटलं, आता तरी तिच्या तोंडावर काही उमटेल. ती खाली मान घालून चुकलेले सांधे कापत होती.

काम आटोपल्यावर ती परसात हात धुवायला गेली. मी तांब्या घेऊन मागे गेले आणि तिच्या हातावर पाणी घातलं.

"तेव्हाही मीच होते," मी म्हटलं. पाच-सहा वर्षं साठवलेलं, आणि ते एवढंसंच निघालं.

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पदरात पडलं तवाच. टोक दाबलेलं न्हवतं. आईनं पन वळखलं."

मला कळेना. "मावशीला कळलं होतं? मग तिनं तुला का मारलं?"

ती हात चोळत राहिली. "तुला मारता येत न्हवतं म्हनून," ती म्हणाली. "मागवाल्याच्या पोरीचं नाव घेऊन कुटं ऱ्हायाचं आमी? आन् शपथ मी मोडली हुती. त्याचं फळ मला आलं."

"तू तरी बोलायचंस."

"मी? मी तीन दिस उभी हुते की तुझ्या दारात. तू बोलशील म्हनून."

मी विचारलं, मावशी कशी आहे. ती म्हणाली, गेली, गेल्या दिवाळीच्या आधी. मी म्हटलं, मला माफ कर गं. मी तिचा ओला हात धरला. तिनं तो सोडवला, रागानं नाही, दोरा सोडवावा तसा.

"आज बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर ते आजचं झालं. तवाचं तवाच ऱ्हायलं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "तू दिलेली अक्षरं मी टाकली. त्या दिसापासनं पाटीला शिवले न्हाई. आता तू आमचा हात टाक."

मी हो म्हटलं. तिनं करवंटी उचलली, आत्याबाईंकडून मजुरी घेतली आणि निघून गेली. पुन्हा आमच्याकडे आली नाही. निरोप धाडला तर दुसरीला पाठवायची. रस्त्यात एक-दोनदा दिसली, तेव्हाही वहिनीच म्हणाली.

दुसरा पीळ शिकायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. अंगठा पुढे ढकलला की सूत सुटायचं. मग पिळायचंच सोडून दिलं. मागावर नाही, घरात नाही, देवापुढे नाही. म्हणून वाती विकतच्या. सुनांना हे सांगितलेलं नाही. आता वाचतील तेव्हा वाचतील.

पण तिला दिलेला शब्द मी पुरता पाळला असं म्हणाले तर तेही खोटंच होईल. घरातला पंखा मधेच बंद पडला, मिक्सर थांबला, की अजून माझा जीव उडतो. परवा दिवे गेले तेव्हा धाकटी सून म्हणाली, "आई, पदराचं काय करताय?" मी खाली बघितलं. पदराची दशी चिमटीत धरली होती आणि अंगठा ती आपल्याकडे ओढत होता. टोक मात्र अजून दाबलेलं नव्हतं.